स्वसंरक्षण म्हणजे शिक्षा नव्हे : घरातील बंदूक, कायदा आणि धर्म

तेरेखोल (धागाकर्ता)

सिंधुदुर्गात आणि शेजारच्या गोव्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारी घरे अजूनही गावोगाव आहेत. काजूच्या बागेत उतरणारी माकडे, भातात शिरणारी रानडुकरे आणि अलीकडे वस्तीपर्यंत येणारे गवे यांना पिटाळण्यासाठी बार काढायचा, हा या बंदुकीचा खरा उपयोग. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 ने पीकरक्षणाच्या ठासणीच्या (नळीतून दारू-छर्रे ठासून भरायच्या) बंदुकीला वेगळी वाट करून दिली आहे. पिस्तूल मागणाऱ्याला सबळ कारण पटवून द्यावे लागते, शेतकऱ्याच्या बाबतीत पिकाची खरी गरज दिसली की पुरते. त्या परवान्यातून वन्यप्राणी मारण्याची मुभा मात्र मिळत नाही, आणि माणसावर बंदूक रोखण्याचा तर त्यात विचारच केलेला नाही.

आमच्या पंचक्रोशीत घरफोड्या झाल्या आणि या बंदुकीविषयीचे बोलणेच बदलले. एरवी शब्द जपून वापरणारी माणसेसुद्धा म्हणू लागली आहेत की रात्री अंगणात परका माणूस दिसला तर विचार कसला करायचा. तो आततायी, म्हणजे जिवावर वा घरादारावर उठलेला, आणि आततायीला मारण्यात पाप नाही असे शास्त्रच सांगते. याच माणसांच्या घरी खंडेनवमीला बंदूक पुसून, पाटावर ठेवून तिला झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि त्या पूजेविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचे हे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आणि नीतीच्या दृष्टीने घातक आहे असे मला वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम शास्त्राविषयी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील 350 वा श्लोक सांगतो की गुरू असो, बालक वा वृद्ध असो किंवा बहुश्रुत ब्राह्मण असो, आततायी होऊन अंगावर आला तर विचार न करता त्याला मारावेच. वसिष्ठस्मृतीने असे आततायी सहा मोजले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीचे हरण करणारा. अहिंसेसारख्या सर्वमान्य नियमालाही अपवाद असतात हे दाखवताना लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात मनूचा हाच श्लोक पुढे केला आहे. तेव्हा आमच्या गावची माणसे पदरचे काही सांगत नाहीत. पण त्याच परंपरेत, गीतेच्या पहिल्या अध्यायात, अर्जुन कौरवांना आततायीच म्हणतो आणि तरीही यांना मारून आम्हांला पापच लागेल असे म्हणतो. श्रीकृष्णाने त्याला युद्धाला उभे केले हे खरे, परंतु त्यासाठी पुढचे सतरा अध्याय खर्ची पडले. ‘विचार न करता’ ही मुभा अर्जुनाला कोणी दिलेली दिसत नाही, आणि आपल्याकडे श्लोक उद्धृत करताना नेमका हा भाग गळून जातो.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली आणि स्वसंरक्षणाच्या हक्काची जुनी कलमे 96 ते 106 आता 34 ते 44 या क्रमांकांनी ओळखली जातात. आशय जवळजवळ तोच राहिला आहे. हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, याची कलम 38 मधील यादी वाचली तर वसिष्ठांच्या यादीची आठवण होते : मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, आणि 2013 नंतर ॲसिडहल्ला, हे त्या यादीतील मुख्य प्रसंग. यादीला यादी जुळते म्हणून तत्त्वही एकच आहे असा समज होतो, आणि माझा आक्षेप इथेच आहे.

कलम 36 (जुने 98) फारसे कोणी वाचत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा त्यात आहे. वेडाच्या भरात एखादा मनुष्य माझ्या जिवावर उठला तर कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगार नाही, तरीही शुद्धीवर असलेल्या हल्लेखोराविरुद्ध मला जो हक्क असता तोच त्याच्याविरुद्धही आहे. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ज्या घरात जाण्याचा मला कायदेशीर अधिकार आहे त्यात मी रात्री शिरतो, घरातील माणूस प्रामाणिकपणे मला घरफोड्या समजून माझ्यावर चालून येतो. त्याचा काहीही गुन्हा नाही, आणि तरीही त्याच्यापासून स्वतःला वाचवण्याचा माझा हक्क शाबूत आहे. दोन्ही माणसे निर्दोष आहेत आणि कायदा एकालाही दोषी ठरवत नाही.

याचा अर्थ असा की समोरचा पापी आहे म्हणून मला हा हक्क मिळत नाही. तो मिळतो कारण या क्षणी माझ्या जिवावर धोका आहे आणि तो टाळण्याचा दुसरा मार्ग नाही. धोका संपला की हक्क संपला, मग समोरचा कितीही दुष्ट असो. याउलट ‘आततायी’ म्हटले की आपण त्या माणसाच्या लायकीचा निवाडा करतो. तो कोण आहे हे ठरवतो आणि मग तो पळत असला, पडलेला असला, हात जोडत असला तरी त्याची लायकी बदलत नाही. बंदूकधाऱ्याच्या हाती न्यायाधीशाचे काम जाते ते इथे. धर्माने माणसाला मारण्याचे ओझे जाणवून द्यावे, हे मला मान्य आहे, किंबहुना हवे आहे. परंतु कोणाला मारावे हे ठरवण्यासाठी धर्माचा आधार घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे.

फौजदारी_वकील

तेरेखोल यांनी कलम 36 कडे लक्ष वेधले हे फार बरे केले. मी त्यात व्यवहाराची भर घालतो, कारण परवानाधारक अशील माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे बहुतेक गैरसमज मालमत्तेविषयी असतात.

समजा, रात्री बागेत कोणी काजू पाडून पोत्यात भरत आहे. ही चोरी आहे आणि ती थांबवण्याचा तुम्हांला हक्क आहे. तुम्ही ओरडाल, त्याला पकडाल, झटापट होईल, त्याला थोडीफार इजा होईल; कलम 42 ने इतके चालते. त्याचा मृत्यू घडवण्याचा हक्क मात्र कलम 41 मधील प्रसंगांतच मिळतो : जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा चोरी वा गृहअतिक्रमण अशा परिस्थितीत होत आहे की हक्क बजावला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत ओढवेल अशी वाजवी भीती वाटावी. बागेतील चोर पोते टाकून पळत सुटला आणि तुम्ही पाठीमागून बार काढलात, तर यांतील एकही प्रसंग उरत नाही. शवविच्छेदनात छर्रे पाठीत सापडतात, आणि मग साक्षीदार काहीही सांगोत, बचावाचे काम अवघड होऊन बसते.

कलम 37 च्या दोन मर्यादा सर्वांवर लागू आहेत. सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावासाठी जेवढी इजा आवश्यक तेवढीच करता येते. न्यायालये इथे उदारही आहेत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची दहा तत्त्वे मांडली. जिवावर बेतलेल्या माणसाने किती जोराचा प्रतिकार करावा याचे माप सोनाराच्या काट्यावर काढता येत नाही, ही भूमिका आपल्या न्यायालयांनी सातत्याने घेतली आहे. हल्ला झाला तर आधी पळून जाण्याचा प्रयत्न केलाच पाहिजे, असेही आपला कायदा म्हणत नाही. हक्क होता परंतु सद्भावनेने त्याची मर्यादा ओलांडली गेली, असे दिसले तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो. मात्र अपवादात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, आणि तोवर तो बहुधा कोठडीत असतो.

कलम 44 (जुने 106) मधील एक उदाहरण इथे नोंदवतो. जमाव एखाद्याच्या जिवावर उठला आहे, गोळी झाडल्याशिवाय त्याला वाचता येत नाही, आणि त्या जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. गोळीने मुलाला इजा झाली तरी त्याचा गुन्हा होत नाही. कायदा शिक्षा देत नाही इतकेच. त्या माणसाला पुढे झोप लागेल की नाही, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि माझ्या मते धर्माचे काम तिथे सुरू होते.

उत्तर_वसई

आमच्या ख्रिस्ती परंपरेत हा वाद फार जुना आहे, म्हणून थोडे लिहितो.

वकीलसाहेबांनी रात्रीच्या घरफोडीचा उल्लेख केला. बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात हाच भेद आहे : चोर घर फोडताना सापडला आणि मार लागून मेला तर रक्तपाताचा दोष नाही, परंतु सूर्य उगवलेला असेल तर दोष आहे. अंधारात घरमालकाला समोरच्याचा हेतू दिसत नाही आणि मदत मिळत नाही. उजेडात दोन्ही शक्य असते. चोर दोन्ही वेळी चोरच असतो. तेरेखोल म्हणतात त्याप्रमाणे इथे चोराची लायकी मोजलेली नाही, घरमालकाची अगतिकता मोजलेली आहे. म्हणजे धर्मग्रंथालाही हा भेद कळतो, आणि म्हणून धर्माला या प्रश्नातून इतक्या सहज बाजूला करणे मला पटत नाही.

संत ऑगस्टीन याहून कडक होते. सैनिक किंवा राज्याचा अधिकारी नसलेल्या माणसाने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारावे, हे त्यांना मान्य नव्हते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी वेगळी मांडणी केली : एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. स्वतःचा जीव वाचवणे हा हेतू असेल आणि हल्लेखोराचा मृत्यू हा हेतूबाहेरचा परिणाम असेल तर ती कृती निषिद्ध नाही. पण गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर ती निषिद्ध ठरते. कलम 37 मधील दुसरी मर्यादा आणि हे वचन शेजारी ठेवून वाचावे. चर्चची आजची शिकवणही साधारण याच वाटेने जाते.

माझा प्रश्न असा की हेतू शुद्ध ठेवण्याची सवय माणसाला कोण लावते? कायदा हेतू नंतर तपासतो. तो घडवण्याचे काम आमच्याकडे रविवारच्या मिस्साने (सामूहिक उपासनेने) आणि धर्मगुरूपुढच्या पापाच्या कबुलीने केले आहे, आणि इतर घरांत ते हरिपाठाने किंवा नमाजाने केले असेल.

वारणाकाठ

उत्तर_वसई यांच्या मुद्द्याला जैन बाजूने पुष्टी देतो. आमच्या श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थाच्या आचारनियमांत, हिंसेचे चार प्रकार सांगतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचे असे ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा, आणि गृहस्थाने तिचा त्याग केलाच पाहिजे. स्वयंपाक, झाडलोट यांत होणारी आरंभी, शेती-व्यापारात होणारी उद्योगी, आणि स्वतःचे, कुटुंबाचे किंवा देशाचे रक्षण करताना घडणारी विरोधी. या तिन्हींतून गृहस्थ पूर्ण सुटू शकत नाही, म्हणून त्या कमीत कमी कराव्यात असे सांगितले आहे. मुनीला मात्र यांतील एकही चालत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील आमचा जैन समाज बहुतांशी शेतकरी आहे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे केवळ प्रवचनापुरता राहत नाही. उसात डुक्कर शिरले की प्रश्न उभा राहतोच. माझे वडील म्हणत असत की विरोधी हिंसा घडली तर तिचे प्रायश्चित्त आहे, पण तिची वाट पाहत बसलास तर ती विरोधी राहिली नाही, संकल्पी झाली. बंदूक ठासून खिडकीशी दबा धरून बसणाऱ्या माणसाला यापेक्षा नेमके काही सांगता येईल असे मला वाटत नाही. हे सांगणे धर्माचेच आहे.

ह्यूस्टनवासी

मी टेक्सासमध्ये अनेक वर्षे राहतो आणि माझ्या घरी कायदेशीररीत्या घेतलेले पिस्तूल आहे. या मंचावरच्या बहुतेक वादांत बंदूकधाऱ्याला आधीच माथेफिरू ठरवले जाते. या धाग्यात तसे झाले नाही, म्हणून मनापासून लिहितो.

अमेरिकेच्या घटनेची दुसरी दुरुस्ती 1791 ची. शस्त्र बाळगण्याचा हक्क मिलिशियापुरता (नागरिकांच्या सेनेपुरता) नसून व्यक्तीचा आहे आणि घरात स्वसंरक्षण हा त्याचा गाभा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या हेलर खटल्यात सांगितले. 2022 च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेरही नेला. टेक्सासमध्ये 2021 पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या सज्ञान व्यक्तीला छोटे शस्त्र बाळगून फिरण्यासाठी परवाना लागत नाही. माझ्या मते या हक्काचे मूळ एका साध्या वस्तुस्थितीत आहे : धोका काही सेकंदांत येतो आणि पोलीस काही मिनिटांनी. 29 डिसेंबर 2019 रोजी फोर्ट वर्थजवळच्या व्हाइट सेटलमेंट येथील चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना एकाने गोळीबार केला, दोन भाविक मारले गेले, आणि चर्चच्याच सुरक्षापथकातील एका स्वयंसेवकाने काही सेकंदांत हल्लेखोराला टिपले. त्या दिवशी तो माणूस तिथे नसता तर काय झाले असते, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे.

तरीही एका बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. टेक्सास दंडसंहितेच्या कलम 9.42 नुसार, रात्रीची चोरी रोखण्यासाठी किंवा चोरीचा माल घेऊन पळणाऱ्याला थांबवण्यासाठी, माल परत मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही असे वाजवीपणे वाटत असेल, तर प्राणघातक बळ वापरता येते. म्हणजे वकीलसाहेबांच्या उदाहरणातील काजूचोर इथे पाठीत गोळी लागून मेला तरी घरमालक सुटू शकतो. निर्गम ग्रंथावर श्रद्धा असलेल्या राज्यात हे कलम आहे, आणि त्या ग्रंथाने चोराला दिलेले संरक्षण त्यात उरलेले नाही. सायकल किंवा गाडीचा रेडिओ यांची किंमत माणसाच्या जिवाइतकी कशी होऊ शकते, हे मला इतक्या वर्षांत उमगलेले नाही.

लातूरकरीण

ह्यूस्टनवासी दादांचा सेकंदांचा आणि मिनिटांचा मुद्दा खरा आहे. परंतु अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे त्याच हिशेबात धरले पाहिजे. मी मराठवाड्यातील आहे. नापिकी, कर्ज आणि खचलेला घरधनी काय करून घेतो हे आमच्या घरांनी पाहिले आहे, आणि तशा घरात भिंतीवर भरलेली बंदूक टांगलेली असावी असे मला कधीही वाटणार नाही. स्वसंरक्षणाच्या चर्चेत ‘दुसरा’ नेहमी दाराबाहेर उभा असतो. घरातल्या माणसाचे रक्षण घरातल्याच बंदुकीपासून कसे करायचे, याचे उत्तर या धाग्यात अजून आलेले नाही.

हक्काचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. व्हाइसरॉय लिटनच्या काळातील 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना मोकळे सोडले. अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींनीच 1918 मध्ये लिहिले की ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहासाला सर्वांत काळा वाटेल. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद होता. मग डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णु कामत यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती सुचवली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन हल्ल्याची साधने मोकळेपणी विकत घेण्याचा हक्क दिला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा प्रश्न होता. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानात शस्त्र बाळगण्याचा हक्क राहिला तो शिखांच्या कृपाणापुरता, अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात, म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्या पोटात. मला बाबासाहेबांचा निर्णय योग्य वाटतो, कारण ज्या गावात जातीच्या बळावर माणसे दबली जात होती तिथे खुल्या बाजारातली बंदूक कोणाच्या हातात आधी पोहोचली असती हे सांगण्याची गरज नाही.

साताराकर_विवेक

धर्माशिवाय संयम शिकता येत नाही, असा सूर वरच्या काही प्रतिसादांतून उमटतो. त्याला माझा विरोध आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना धमक्या येत होत्या, तरी त्यांनी पोलीस संरक्षण नाकारले होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या चळवळीने पहिल्या दिवसापासून शिकवलेला विवेक कोणत्याही ग्रंथावर उभा नव्हता, आणि त्या आघातानंतरही त्यांच्या कार्यकर्त्यांनी सूडाची भाषा केली नाही. ते महिन्यामागून महिने त्याच पुलावर जमून न्याय मागत राहिले. समोरच्याला माणूस म्हणून पाहणे ही नीतीची पहिली अट आहे आणि ती श्रद्धावंत व अश्रद्ध दोघांनाही सारखीच पाळता येते.

तेरेखोल (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले.

उत्तर_वसई आणि वारणाकाठ यांनी दाखवले की धर्मपरंपरांनी हाच भेद स्वतःच्या भाषेत केलेला आहे. वारणाकाठ यांच्या वडिलांचे वाक्य तर मी गावात सांगणार आहे. तरी माझे म्हणणे सोडत नाही, फक्त अधिक नेमके करतो. संकल्पी आणि विरोधी यांतील भेद, हेतूतला आणि हेतूबाहेरचा परिणाम, रात्र आणि सूर्योदय, या सर्व गोष्टी माणसाला स्वतःकडे पाहायला लावतात : माझा हेतू काय आहे, मी किती अगतिक आहे, मला दुसरे काही करता येईल का? धर्माचे हे काम मला शिरसावंद्य आहे. ‘आततायी’ हा शिक्का मात्र माणसाला समोरच्याकडे पाहायला लावतो. तुकोबांनी ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दाळण कंटकांचें’ असे म्हटले. गावातील वादात त्यातला दुसरा चरण मला अनेकदा ऐकवला जातो. पण पहिल्या चरणातील पाळण बाजूला ठेवून निर्दाळण हाती घेण्याची परवानगी त्यात कुठे आहे? आणि कंटक कोण हे ज्याच्या हाती बंदूक आहे त्याने एकट्याने, अंधारात, क्षणभरात ठरवावे असे तुकोबा कुठे म्हणतात?

गांधीजींचा विषय लातूरकरीण ताईंनी काढला, म्हणून एक प्रसंग नोंदवतो. 1908 साली जोहान्सबर्गमध्ये त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला होता. त्या वेळी मी तिथे असतो तर पळून जायला हवे होते की बळ वापरून तुमचे रक्षण करायला हवे होते, असे त्यांच्या थोरल्या मुलाने नंतर विचारले, तेव्हा बळ वापरूनही रक्षण करणे तुझे कर्तव्य होते असे त्यांनी सांगितले. 1920 च्या ज्या लेखात हा प्रसंग येतो, त्यातच भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर हिंसा पत्करावी असेही ते म्हणतात. परंतु स्वतः गांधीजींनी त्या हल्लेखोरांवर खटला भरला जाऊ नये असा आग्रह धरला होता. रक्षण करण्याचे कर्तव्य मान्य करणारा हा माणूस शिक्षेची मागणी मात्र करत नाही, आणि मी ज्या भेदाविषयी बोलतो आहे तो मला यापेक्षा स्पष्ट कुठे सापडलेला नाही.

ह्यूस्टनवासी यांच्या सेकंदांच्या मुद्द्याविषयी आमच्याकडची वस्तुस्थिती सांगतो. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, प्रत्येक वेळी गजाने ठासायचे आणि शेवटी दारू पेटवणारी केप बसवायची. उजेडात आणि शांत मनानेही याला वेळ लागतो. तेव्हा स्वसंरक्षणासाठी ती उपयोगी पडावी असे म्हणणाऱ्याला ती कायम ठासून ठेवावी लागते. अशा ठासून ठेवलेल्या बंदुकीनेच आमच्या भागात अपघात होतात, आणि शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून सोबत्यालाच छर्रे मारल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. लातूरकरीण ताईंच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे की दारू आणि केपा एका कुलपात, बंदूक दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या घरातील एकाच माणसाकडे नसाव्यात. यामुळे रात्रीच्या चोरासाठी ती निरुपयोगी ठरते, हे मला मान्य आहे. तो परवाना त्यासाठी दिलेलाच नव्हता. वस्तीत रात्रीची गस्त, कुत्रे, अंगणात दिवा आणि शेजाऱ्याला जाईल अशी हाक, यांवर गावाने आधी भर द्यावा असे मी ग्रामसभेत मांडणार आहे.

वकीलसाहेबांना एक विचारायचे आहे. एवढे करूनही एखाद्यावर खरोखरच वेळ आली आणि त्याने बार काढला, तर पुढच्या तासाभरात त्याने काय करावे?

फौजदारी_वकील

प्रथम जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. 108 वर फोन करावा आणि लगेच 112 वर पोलिसांना कळवावे. हे माणुसकीचे आहे आणि हेतू काय होता याचा पहिला पुरावाही हाच असतो. रक्ताच्या थारोळ्यातला माणूस तसाच टाकून घरात कडी लावून बसलेल्या आरोपीचा बचाव करणे फार जड जाते. बंदूक आहे तिथेच सुरक्षित ठेवावी, पुसू नये, पुन्हा ठासू नये. चोराच्या हाती कोयता देणे, दार मोडल्यासारखे करणे, असले उद्योग शेजारी हौसेने सुचवतात. ते मुळीच करू नयेत, कारण खरा बचावही त्याने खोटा पडतो. पोलिसांना घडले ते थोडक्यात आणि खरे सांगावे, स्वतःच्या अंगावरील जखमांची वैद्यकीय नोंद करून घ्यावी आणि सविस्तर जबाबापूर्वी वकिलाला बोलवावे. परवाना निलंबित होऊ शकतो, त्याविरुद्ध अपील करता येते, ते नंतर पाहता येईल.

आपल्या ग्रामसभेची तारीख ठरली की कळवावे. कलम 34 ते 44 मराठीतून समजावून सांगण्यासाठी मी सावंतवाडीपर्यंत येऊ शकेन.